बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, पुसद

बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय हे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याची स्थापना १९८३ साली झाली. जनता शिक्षण प्रसारक मंडळ ही संस्था ते चालवते. महाविद्यालय संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे.

पार्श्वभूमी

पुसद तालुक्यातील गहुली हे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे जन्मगाव होय. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हेही पुढे मुख्यमंत्री झाले. राजकीयदृष्ट्या वजनदार असलेल्या या भागातील विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी पदवीसाठी मात्र अमरावती, नागपूर किंवा औरंगाबाद गाठावे लागे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत राज्याने विनाअनुदानित तंत्रशिक्षणास परवानगी दिली. त्याच वर्षी १ मे रोजी नागपूर विद्यापीठातून अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. शेगाव, बडनेरा आणि पुसद येथील अभियांत्रिकी महाविद्यालये याच वर्षीची आहेत.

प्रवेश व शुल्क

पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असून प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे होतो. तंत्रनिकेतनातील पदविकाधारकांना थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळतो. विनाअनुदानित असल्याने शिक्षणाचा भार मुख्यतः शुल्कावर पडतो. त्यामुळे तालुक्यातील बंजारा (विमुक्त जाती), आदिवासी व अल्पभूधारक कुटुंबांच्या दृष्टीने शासनाची शुल्क प्रतिपूर्ती आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या योजना निर्णायक ठरतात.

पदवीनंतरच्या संधी

पुसद व उमरखेड परिसराचे अर्थकारण कापूस, सोयाबीन, ऊस आणि पैनगंगेवरील इसापूर धरणासारख्या सिंचन प्रकल्पांवर उभे आहे. मोठे कारखाने व संगणक उद्योग येथे नाहीत. त्यामुळे संगणक आणि यंत्र शाखांच्या पदवीधरांना नोकरीसाठी बहुधा पुणे, मुंबई, नागपूर अथवा हैदराबाद येथे जावे लागते.

स्थापत्य शाखेच्या पदवीधरांना स्थानिक पातळीवर तुलनेने अधिक वाव असतो. सार्वजनिक बांधकाम विभागात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केल्यास लहान कामांतील राखीव वाटा मिळवता येतो. जलसंपदा व बांधकाम विभागांतील कनिष्ठ अभियंता पदासाठी पदविका पुरते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेसाठी मात्र पदवी आवश्यक असते. एम.टेक.चे प्रवेश व काही सार्वजनिक उपक्रमांतील भरती 'गेट' परीक्षेच्या गुणांवर होते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ मध्ये १९७३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पदवीधर अभियंत्यांना एक वर्षाचे विद्यावेतनासह प्रशिक्षण घेता येते.

महत्त्व व मर्यादा

पदवी परीक्षा आणि प्रमाणपत्र विद्यापीठाचे असल्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या पात्रतेत पुसद आणि अमरावती येथील पदवीधरांत भेद नसतो. खासगी कंपन्यांच्या भरतीत मात्र महाविद्यालयाचे स्थान, इंग्रजी संभाषण आणि उद्योगांशी असलेला संपर्क यांचा परिणाम होतो. पुसद अद्याप रेल्वेने जोडलेले नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचे काम चालू आहे. घराजवळ राहून पदवी घेता येणे हा या महाविद्यालयाचा, विशेषतः मुलींच्या शिक्षणाच्या दृष्टीने, मोठा लाभ मानला जातो. त्या पदवीचे आर्थिक मोल मात्र बहुतेकांना गावाबाहेर पडल्यावरच हाती येते.

हेही पहा

- पुसद
- संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ
- वसंतराव नाईक