उधन्याचा गळ आणि तापीचे बदललेले पाणी

सुरतेच्या दक्षिणेस उधना येथे मुंबईच्या लोहमार्गाला तापीखोऱ्याचा जो फाटा मिळतो, त्याने खानदेशातून गुजरातेत कापसाच्या गासड्या आणल्या, त्याचप्रमाणे माणसेही आणली. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखाली चाललेली तापी व्हॅली रेल्वे १९०० साली अमळनेरपर्यंत खुली झाली. आणि पुढे यंत्रमागांचा धंदा फोफावला तेव्हा अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर या बाजूची कुटुंबे याच मार्गाने येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत स्थायिक झाली. ज्या तापीच्या काठी त्यांचे बालपण गेले तीच तापी येथे समुद्राला मिळते. परंतु नदी एकच असली तरी पाणी एक नव्हे. आणि गळ टाकणाऱ्या मनुष्यास नदीच्या नावापेक्षा पाण्याच्या स्वभावाशीच अधिक कर्तव्य असते. या स्वभावात गेल्या सत्तर वर्षांत जे स्थित्यंतर घडले, त्याचा इतिहास धरणांच्या अहवालांत विजेच्या व सिंचनाच्या अंगाने सापडतो. गळाच्या अंगाने तो लिहिला जावा, असे मला मनापासून वाटते.

खानदेशात तापी खोल दरडींमधून वाहते आणि उन्हाळ्यात प्रवाह आटला म्हणजे तिचे डोह तेवढे उरतात. या डोहांत भोई मंडळी जाळी लावीत, पाग फेकीत. परंतु शेतकऱ्याच्या पोराकडे वेळूची काठी, सुताची दोरी, शिशाचा तुकडा आणि गांडूळ एवढेच साहित्य असे. ही मासेमारी तळाची. शिसे तळाशी टेकवायचे, दोरी बोटावर धरायची आणि शिंगाडा किंवा वाम आमिष गिळून ओढू लागला की सर्व बळ एकवटून झटका द्यायचा. या माशांचे तोंड बळकट, भूक आंधळी. त्यांच्या बाबतीत उतावळेपणा फारसा अंगाशी येत नाही. वेगवान प्रवाहातील महसिराचीही गोष्ट याहून निराळी नाही, कारण तो आमिषावर असा तुटून पडतो की गळ पुष्कळदा त्याच्याच जोराने रुततो.

या महसिराने आपल्याकडील गळाच्या लिखित इतिहासावर इतके वर्चस्व गाजविले आहे की इतर माशांची उपेक्षा झाली. मुंबई सरकारच्या सांख्यिकी खात्यावर नेमलेल्या कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे जे वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले, त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसिराची शास्त्रीय नोंद झाली. परंतु त्याच दप्तरात त्याने लहानसहान कितीतरी मासे स्थानिक नावांनिशी तितक्याच आस्थेने नोंदविले होते, हे आज थोड्यांच्या स्मरणात आहे. पुढे मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली मंगळुराहून ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ काढला आणि महसिराला सामन माशाच्या पंक्तीस नेऊन बसविले. साहेब लोकांच्या रजेच्या तजविजी त्यानंतर डोंगरी नद्यांच्या हिशेबाने होऊ लागल्या.

मला थॉमसचे खरे मोठेपण दिसते ते त्याच्या दुसऱ्या पुस्तकात. महसिराची कीर्ती गाऊन झाल्यावर त्याने १८८७ साली ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ लिहिले, आणि ज्या मैदानी मुलखात महसीर नाही तेथील तळ्यांतल्या साध्या माशांसाठी हलकी काठी, बारीक दोरा व संयमी हात यांचे शिक्षण दिले. मोठ्या माशाच्या पारध्याने लहान माशापुढे पुन्हा उमेदवारी करावी, ही गोष्ट अभिमानाला जड जाते. अमेरिकेत हाच प्रसंग तेथील बास माशाच्या शिकाऱ्यावर क्रॅपीच्या निमित्ताने येतो. दोन्ही मासे एकाच कुळातले. पण बासला जोरकस हिसका मानवतो, तर क्रॅपीच्या ओठांची त्वचा कागदासारखी पातळ असल्याने तोच हिसका तिला फाडून गळ मोकळा करतो. बासचा शिकारी काठ धरून सारखा गळ फेकीत हिंडतो. क्रॅपीचा थवा मात्र बुडालेल्या फांद्यांच्या आडोशाला अधांतरी उभा असतो आणि वर पाहून भक्ष्य टिपतो, म्हणून आमिष त्याच्या किंचित वर स्थिर धरावे लागते. अर्थात नव्या विद्यार्थ्याला प्रथम खोली शोधावी लागते.

तापीवर हा धडा धरणांनी दिला. १९५४ मध्ये काकरापारचा बंधारा पुरा झाला आणि १९७२ मध्ये सोनगडजवळ उकाईचे धरण उभे राहिले. त्याच्या जलाशयाचा फुगवटा थेट नंदुरबार जिल्ह्यात शिरला. गावे बुडाली, शेते गेली, आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांतील कित्येक आदिवासी कुटुंबांनी पुढे त्याच पाण्यावर मासेमारीने पोट भरले. मोबदल्याच्या कोणत्याही हिशेबात न बसणारे हे दुःख आहे, आणि जलाशयाच्या काठी बसणाऱ्याने त्याचे विस्मरण होऊ देऊ नये.

वाहती नदी अशी थांबली तेव्हा तिच्यात सोडावयास मत्स्यबीजही हाताशी आले होते. १९५७ साली ओरिसात हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मस्तकातील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालवून घेण्यात यश मिळविले. तोपर्यंत हे बीज पावसाळी पुरातून नदीकाठी गोळा करावे लागे. आता ते हौदात पैदा होऊ लागले. मुख्यतः उत्तरेकडील नद्यांचे कटला, रोहू आणि मृगळ देशभरच्या जलाशयांत पसरले ते या शोधामुळे. १९५२ मध्ये देशात आलेली तिलापिया तर न बोलावताही ठिकठिकाणी शिरली.

या नव्या माशांपुढे डोहाची विद्या अपुरी पडते. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. तिघेही आमिष शोषून घेतात. म्हणून भुईमुगाची पेंड, तांदळाचा कोंडा आणि भाजलेल्या चण्याचे पीठ मळून त्याचे गोळे एकाच जागी टाकायचे, मासे तेथे चरू लागेपर्यंत थांबायचे, आणि मग कणकेची गोळी लावलेला बारीक गळ योग्य खोलीवर सोडायचा. दोरीला तरंडा म्हणून बांधलेल्या, पाण्यावर उभ्या असलेल्या मोरपिसाच्या देठाकडे या वेळी टक लावून पाहावे. प्रथम देठ थरथरतो. ती बहुधा लहान माशांची चाळवाचाळव, तिकडे लक्ष देऊ नये. मग तो बोटाच्या पेराएवढा वर उचलला जातो आणि आडवा होऊ लागतो. माशाने गोळी तळावरून उचलल्यामुळे शिशाचे वजन देठावरून उतरले, एवढाच याचा अर्थ. आणि मृगळाची ही खूण डोहावर वाढलेल्या हाताला कळत नाही, कारण तो ओढ लागण्याची वाट पाहत राहतो आणि तेवढ्यात मासा गोळी थुंकून निघून जातो. या क्षणी मनगट नुसते वळविले तरी पुरते.

अशा मासेमारीला मुंबईकर पूर्वीच सरावले होते. पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला, पण पाणी पिण्याच्या उपयोगी ठरले नाही आणि गळाच्या हौशी मंडळींना तो लाभला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे नाव आज त्या काठाशी निगडित आहे. सुरतेला असा तलाव लाभला नाही. येथे खाडीची भरती शहरापर्यंत येत असे, आणि भरतीच्या गढूळ, खारट पाण्यात खानदेशी गळ निरुपयोगी ठरे. सिंगणपोर व रांदेर यांना जोडणारा बंधारा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाला, तेव्हा त्याच्या वरच्या अंगास गोडे पाणी तुंबून राहिले आणि शहराच्या उंबरठ्याशीच तळ्यासारखी नदी निर्माण झाली.

उधन्याच्या स्वतःच्या पाण्याची कथा मात्र दुःखद आहे. भेडवाड आणि काकरा या खाड्या वस्त्यांच्या अंगाने मिंढोळ्याकडे जातात. त्यांत आज सांडपाणी व रंगकामाचे पाणी मिसळते, आणि गळ टाकण्याजोगे त्यांत काही उरलेले नाही. १८९७ च्या मत्स्यकायद्याने पाण्यात विष कालविणे हा गुन्हा ठरविला, तेव्हा कायदा करणाऱ्यांपुढे रानातील विषारी साली व फळे कुटून डोहात टाकणारा मनुष्य होता. त्या मनुष्याच्या विषाने मासे एकदा मरत आणि पुढच्या पुराबरोबर नवे येत. खाड्यांतील विष पुराने धुऊन जात नाही. म्हणून सुटीच्या दिवशी ज्याला गळ टाकायचा आहे, तो उधन्याचा रहिवासी आपल्या दारची खाडी ओलांडून बंधाऱ्याकडे जातो, नाहीतर गाडीने उकाईची वाट धरतो. आणि ती गाडी त्याच्या वाडवडिलांना येथे घेऊन आलेल्या रुळांवरूनच उलट दिशेने जाते.