इग्निशन-नियंत्रित सॉकेट (मोटारगाडी)

इग्निशन-नियंत्रित सॉकेट म्हणजे मोटारगाडीतील असे विद्युत सॉकेट, ज्याचा पुरवठा गाडीची किल्ली बंद करताच खंडित होतो. मोबाइल चार्जर, डॅशकॅम, टायरमध्ये हवा भरण्याचा पंप, लहान शीतपेटी अशी उपकरणे या सॉकेटवर चालतात. अनेक गाड्यांत हे सॉकेट किल्ली काढल्यानंतरही चालू राहते. अशा सॉकेटला नजरचुकीने जोडून राहिलेले उपकरण बॅटरी रिकामी करते आणि गाडी सुरू होत नाही. हे टाळण्यासाठी सॉकेटचा पुरवठा इग्निशन स्विचच्या अधीन केला जातो. ही जोडणी वरकरणी साधी असली, तरी वीज कोठून घेतली आणि फ्यूज कोठे बसवला यावर तिची सुरक्षितता अवलंबून असते.

पार्श्वभूमी

या सॉकेटचा उगम सिगारेट पेटवण्याच्या विद्युत लायटरमध्ये आहे. त्यामुळे आजही त्याला बोलीभाषेत ‘लायटर सॉकेट’ म्हणतात. १९५०च्या दशकात बहुतेक मोटारगाड्यांची विद्युतप्रणाली ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आली. पुढे लायटरची हीच खोबण इतर उपकरणांसाठी वापरली जाऊ लागली. तिची मापे एसएई जे५६३ या मानकात दिलेली आहेत. सॉकेटच्या तळाशी मध्यभागी असलेला संपर्कबिंदू धन, तर भोवतीचे धातूचे कवच ऋण असते. अवजड मालवाहू वाहनांत प्रामुख्याने २४ व्होल्टची प्रणाली असल्यामुळे तेथे केवळ १२ व्होल्टसाठी बनवलेले उपकरण चालत नाही.

इग्निशन स्विचच्या स्थिती

किल्लीच्या पारंपरिक स्विचला सामान्यतः चार स्थिती असतात.

• बंद : किल्ली काढता येते, सुकाणू कुलूपबंद होते.
• उपसाधन : रेडिओ, सॉकेट इत्यादींना वीज मिळते; इंजिनाच्या प्रणाली बंद असतात.
• चालू : गाडीच्या सर्व मुख्य प्रणालींना वीज मिळते.
• आरंभ : स्टार्टर मोटर फिरते. या वेळी बॅटरीवरील ताण कमी करण्यासाठी उपसाधनांचा पुरवठा क्षणभर तोडला जातो. त्यामुळे इंजिन सुरू करताना डॅशकॅम बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो.

जर्मन मानक डीआयएन ७२५५२ नुसार वायरींच्या अग्रांना क्रमांक दिलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीचा कायम धन पुरवठा, १५ म्हणजे इग्निशननंतरचा पुरवठा आणि ३१ म्हणजे ऋण बाजू. बहुतेक गाड्यांत ऋण बाजू गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते.

बॅटरीवरील भार

लहान मोटारीत सुमारे ३५ अँपिअर-तास क्षमतेची शिसे-आम्ल बॅटरी असते. ०.३ अँपिअर प्रवाह घेणारा डॅशकॅम एका दिवसात ७.२ अँपिअर-तास, म्हणजे तीन दिवसांत निम्म्याहून अधिक क्षमता वापरतो. सतत ४ अँपिअर घेणारी शीतपेटी आठ तासांच्या रात्रीत ३२ अँपिअर-तास वापरते. सकाळी अशी गाडी सुरू होण्याची शक्यता जवळजवळ नसते. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी वारंवार खोलवर रिकामी झाल्यास तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात व तिचे आयुष्य कायमचे घटते.

जोडणीच्या पद्धती

फ्यूजची जागा बदलणे : काही गाड्यांच्या फ्यूज पेटीत सॉकेटसाठी दोन पर्यायी जागा असतात, एक कायम पुरवठ्याची व दुसरी इग्निशननंतरच्या पुरवठ्याची. फ्यूज दुसऱ्या जागी बसवला की काम होते. ही सोय आहे किंवा नाही हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे लागते.

फ्यूज टॅप : इग्निशनसोबत बंद होणाऱ्या एखाद्या मंडलाच्या फ्यूजच्या जागी दोन फ्यूजचे जोडसाधन बसवले जाते. एक फ्यूज मूळ मंडलासाठी, तर दुसरा नव्या सॉकेटसाठी असतो. चार्जर किंवा डॅशकॅमसारख्या अल्प भारासाठी ही पद्धत पुरेशी ठरते. मात्र दोन्ही भारांची बेरीज मूळ वायरीच्या क्षमतेपेक्षा अधिक होता कामा नये.

रिले : हवेचा पंप, शीतपेटी यांसारख्या मोठ्या भारासाठी रिले वापरला जातो. येथे इग्निशनची वायर भार वाहत नाही, केवळ इशारा देते. रिलेच्या अग्र ८६ला इग्निशननंतरचा पुरवठा व अग्र ८५ला ऋण बाजू जोडतात. या दोहोंमधील गुंडाळीतून एक अँपिअरहून बराच कमी प्रवाह वाहतो व त्यामुळे निर्माण झालेले चुंबकत्व आतील संपर्क जुळवते. अग्र ३०ला बॅटरीतून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर आणि अग्र ८७ला सॉकेटचा मध्यबिंदू जोडलेला असतो. किल्ली बंद होताच गुंडाळी निष्क्रिय होते, संपर्क सुटतात आणि सॉकेट बंद पडते. गुंडाळी बंद होताना क्षणिक उच्च विद्युतदाब निर्माण होतो. इलेक्ट्रॉनिक भागांना त्याची झळ लागू नये म्हणून अंगभूत डायोड असलेला रिले निवडतात. अशा रिलेत ८५ व ८६ यांची अदलाबदल चालत नाही.

फ्यूज आणि वायर

फ्यूज उपकरणाचे रक्षण करण्यासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो प्रामुख्याने वायरीचे रक्षण करतो. बॅटरी शॉर्ट सर्किटमध्ये शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. अशा प्रवाहाने वायर लाल होऊन तिचे आवरण पेटते. म्हणून फ्यूज सॉकेटजवळ न बसवता बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवतात. बॅटरी व फ्यूज यांमधील वायरीचा तुकडा असंरक्षित राहतो, त्यामुळे तो जितका आखूड तितका धोका कमी. सॉकेटसाठी १० ते २० अँपिअरचा फ्यूज आढळतो. १२ व्होल्टवर १५ अँपिअर म्हणजे १८० वॅट. १५ अँपिअरच्या मंडलासाठी २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची वायर सामान्यतः वापरतात. फ्यूज वारंवार उडत असल्यास त्याऐवजी मोठा फ्यूज घालणे घातक ठरते. दोष तसाच राहतो आणि वायर मात्र असंरक्षित होते.

दक्षता

• काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण अग्र प्रथम सोडवतात व शेवटी जोडतात. ऋण अग्र सुटलेले असल्यास धन अग्रावरील पाना सांगाड्याला लागला तरी शॉर्ट सर्किट होत नाही.
• एअरबॅग, ब्रेक, इंजिन नियंत्रण किंवा इंधनपंप यांच्या मंडलातून वीज घेऊ नये.
• पत्र्याच्या छिद्रातून जाणाऱ्या वायरीला रबरी बूच बसवावे. अन्यथा कंपनाने आवरण घासून तांबे उघडे पडते.
• कोणत्या वायरीत कधी वीज असते, हे रंगावरून न ठरवता मल्टिमीटरने तपासावे. नव्या गाड्यांत इग्निशन स्विच थेट भार न सांभाळता नियंत्रक संगणकाला केवळ संदेश देतो. अशा वायरीवर भार टाकल्यास संगणकाला हानी पोहोचू शकते.
• वॉरंटी काळात वायरिंगमध्ये बदल करण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी पाहाव्यात.

मर्यादा व पर्याय

इग्निशन-नियंत्रित सॉकेट विसराळूपणापासून पूर्ण संरक्षण देत नाही. इंजिन बंद ठेवून किल्ली ‘उपसाधन’ स्थितीत राहिल्यास बॅटरी रिकामी होतच राहते. दुसरीकडे, काही कामांसाठी सॉकेट कायम चालू असणेच आवश्यक असते. उभ्या गाडीवर पहारा ठेवणारा डॅशकॅम किंवा सॉकेटमार्गे बॅटरी भारित ठेवणारे लहान सौर पॅनेल इग्निशन-नियंत्रित सॉकेटवर निरुपयोगी ठरते. अशा वेळी सॉकेट कायम चालू ठेवून विद्युतदाब ठरावीक पातळीखाली जाताच पुरवठा तोडणारे साधन मध्ये बसवतात. पूर्ण भारित बॅटरीचा विश्रांत दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. दाब १२ व्होल्टच्या आसपास उतरल्यावर पुरवठा तोडला, तर इंजिन सुरू करण्याइतकी शक्ती सहसा शिल्लक राहते.

हे सुद्धा पहा

• रिले
• फ्यूज
• शिसे-आम्ल बॅटरी