पऱ्हे आणि रोवणी : खेळाडूचा प्रशिक्षक होतो तेव्हा

प्रस्तावना

धानाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. पऱ्हे एका बांधीत उगवतात आणि पीक दुसऱ्याच बांधीत येते. मृगात टाकलेले पऱ्हे तीन-चार आठवड्यांनी उपटायचे, पेंढ्या बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या बांधीत रोवायचे. रोवल्यावर काही दिवस ते पिवळे पडतात, मान टाकतात. नवख्याला वाटते, गेले. जुना शेतकरी मात्र धुऱ्यावर उभा राहून वाट पाहतो. खेळणे संपवून खेळवायला लागलेल्या माणसाची गोष्ट मला याहून वेगळी वाटत नाही. या पुस्तकाचा विषय तोच आहे.

या अभ्यासाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना त्यातली अडचण आधी सांगून टाकतो. गोल करणाऱ्याचा हिशेब सोपा असतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये नेव्हिल डिसोझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत ४–२ ने जिंकला. ही नोंद कुणालाही पुसता येणार नाही. प्रशिक्षकाचा गोल मात्र दुसऱ्याच्या पायातून होतो आणि दुसऱ्याच्याच नावावर चढतो.

इराकचे अम्मो बाबा पाहा. मूळ नाव इमॅन्युएल बाबा दाऊद, जन्म १९३४ चा, घराणे असिरियन. १९५७ मध्ये बैरूतच्या अरब क्रीडास्पर्धेत इराकने मोरोक्कोशी ३–३ अशी बरोबरी केली. त्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यातला इराकचा पहिला गोल या आघाडीवीराचा. हे झाले पऱ्हे. पुढे त्यांच्या हाताखाली इराकने १९७९, १९८४ आणि १९८८ मध्ये आखाती चषक जिंकला. मधल्या काळात, १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये, अंतिम सामन्यात कुवेतला १–० ने हरवून सुवर्णपदकही घेतले. तो गोल हुसेन सईद यांचा. उतारवयात अम्मो बाबांनी बगदादमध्ये मुलांना फुटबॉल शिकवण्याची शाळा चालवली. २००९ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना बगदादच्या अल-शाब स्टेडियममध्येच दफन करण्यात आले.

दिल्लीतल्या त्या सामन्यानंतर आठ वर्षांनी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. तिथे भारतीय आईबापांच्या पोटी १९७७ मध्ये जन्मलेला एक मुलगा त्या युद्धामुळे भारतात आला आणि पुढे मुंबईच्या मैदानांवर फुटबॉलपटू झाला. तो म्हणजे खालिद जमील. ते आघाडीचे नव्हेत, मधल्या फळीतले. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या संघांकडून खेळून २००९ मध्ये ते थांबले आणि मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले. पुढची सात वर्षे हा संघ आय-लीगमध्ये ना विजेता ठरला, ना खालच्या श्रेणीत घसरला. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने ही सात वर्षे कोरडीच.

मग २०१६ मध्ये ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १–१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने ३७ गुणांवर विजेतेपद मिळवले. मोहन बागानचे गुण होते ३६. ईशान्येकडच्या क्लबने हे विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहून खाली उतरली.

इथे अभ्यासकाने घाई करू नये. प्रशिक्षक गेला म्हणून एक संघ बुडाला आणि आला म्हणून दुसरा तरला, असे म्हणायला जीभ वळवळते. पण पैसा, खेळाडूंची अदलाबदल, घरच्या मैदानाची उंची, नशीब, सगळेच त्यात असते. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. गोव्याच्या साव्हियो मेदेरा यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी या जागी भारतीय माणूस आला. आणि ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १–२ अशी हार होऊन आशिया चषकाची वाट बंद झाली. माणूस तोच, शिकवण्याची पद्धतही फारशी बदललेली नाही. म्हणून मला ऐझॉलच्या एका मोसमापेक्षा मुंबईतली ती सात कोरडी वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. मुळे धरली ती तिथे. या पुस्तकातला बराचसा भाग अशाच वर्षांबद्दल आहे.

मोठ्या नावांनी दडपून जाण्याचे कारण नाही. आपल्या शेजारी नागपूरला विजय बारसे हे महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक. झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन त्यांनी २००१ मध्ये जो फुटबॉल सुरू केला, तो नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे घरोघरी पोचला. प्रत्येक गावातला पीटीचा सर चित्रपटापर्यंत पोचत नाही, पण अभ्यासाचा विषय तोही आहे.

तेव्हा सुरुवात पुस्तकापासून करू नका. धान कापून बांधी मोकळी झाली, की पोरे तिथे चेंडू घेऊन उतरतात. एक संध्याकाळ चेंडूकडे न पाहता कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. पोराने चेंडू उंच उडवला, की तो ओरडत नाही. जवळ जातो, पोराचे खांदे धरून थोडे पुढे वाकवतो, टेकवलेला पाय चेंडूच्या शेजारी सरकवतो आणि मागे होतो. पुढचा फटकाही बहुधा चुकतो. तो पुन्हा जातो. किती वेळा जातो, ते मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच पोराचा फटका पाहायला जाल, तेव्हा ती वही सोबत असू द्या.

गोंदिया,
रोवणीचे दिवस