कुलाब्याहून अलिबागेस : नोंदमालिकेतील दोष आणि त्याचे निदान

संगणकातील डिस्कांच्या समूहाची गती मंदावली असता दोष डिस्कांचा, रचनेचा की बाहेरील भाराचा, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी ‘रेड’ ह्या नावाने अशा समूहांची मांडणी केली. तिच्या पाचव्या प्रकारात लहानसा बदल लिहिण्यास जुनी नोंद व जुना पडताळा-अंश वाचणे आणि दोन्ही नव्याने लिहिणे, अशा चार क्रिया घडू शकतात. तेथील मंदपणा हा बिघाड नसून रचनेचा स्वभाव होय. उलट, एखादीच डिस्क क्षीण झाली तर तिच्याकरिता इतरांनाही थांबावे लागते. लक्षण एकच, कारणे मात्र भिन्न. ह्या विवेकाचे एक जुने उदाहरण रायगडच्या किनाऱ्यावर आढळते.

मुंबईतील कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ साली झाली व तेथे १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे घेतली जाऊ लागली. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात क्षैतिज चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झाल्याचे तेथील नोंदींवरून काढण्यात आले आहे. अशा मालिकेचे मोल तिच्या अखंडतेत असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामची योजना पुढे आली, तेव्हा ही अखंडताच धोक्यात आली. १८७४ पासून चालणाऱ्या घोड्यांच्या ट्रामचा उपद्रव नव्हता; उपद्रव होणार होता तो रुळांतून भूमीत झिरपणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा. तो प्रवाह गाड्यांच्या भाराप्रमाणे क्षणोक्षणी बदलणार असल्याने त्याची स्थिर वजावट करणे शक्य नव्हते. उपकरणे निर्दोष असूनही नोंदी दूषित झाल्या असत्या. म्हणून उपाय उपकरण बदलण्याचा नव्हे, तर स्थान बदलण्याचा ठरला.

मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबाग निवडण्यात आले. अलिबाग ज्या जिल्ह्यात आहे त्याचे नाव १९८१ पर्यंत ‘कुलाबा’च होते, त्यामुळे जुने कागद वाचताना मुंबईतील कुलाबा कोणता व जिल्हा कोणता, ह्याचा घोटाळा होऊ देऊ नये.

अलिबाग येथे १९०४ साली नोंदी सुरू झाल्या. परंतु जुनी वेधशाळा त्याच क्षणी बंद करण्यात आली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच काळाच्या नोंदी घेण्यात आल्या. दोन स्थानांतील फरक स्थिर राहिल्यास तो स्थानाचा, अस्थिर असल्यास अन्य कारणाचा, असे अनुमान करणे त्यामुळे शक्य झाले. विजेची ट्राम मे १९०७ मध्ये धावू लागली, तोवर दुवा पक्का झाला होता. संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ ह्या काळातील कुलाब्याची सामग्री १९१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

ह्या स्थलांतराचे खरे महत्त्व नव्या इमारतीत नसून त्या दोन वर्षांच्या जोडनोंदीत आहे. ती नसती, तर १९०४ नंतरचा प्रत्येक बदल पृथ्वीचा की जागेचा, हा वाद कायम राहिला असता. मंदावलेल्या डिस्कसमूहासही हाच न्याय लागू पडतो : प्रत्येक डिस्कचा प्रतीक्षाकाल समान भाराखाली मोजावा, नवा समूह जुन्याशेजारी काही काळ चालवावा, आणि दोहोंतील फरकाचा उलगडा होईपर्यंत जुना मोडू नये.