बॅटरीचे पासबुक

रेणापूरला रेणुकामातेचे दर्शन घेऊन आलो, तो आमची जुनी मोटार सुरूच होईना. "बॅटरी गेली!" जमलेल्या मंडळींनी एकमुखाने निकाल दिला. मोटारीचे काहीही बिघडो, बदनाम होते ती बॅटरीच.

१९१२ साली चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला. हँडल मारणाऱ्यांची मनगटे वाचली. पण मोटारीचे बँकखाते उघडले! बॅटरी हे खाते, स्टार्टर पैसे काढणारा आणि डायनॅमो भरणारा. कुर्ल्याला बनणाऱ्या जुन्या फियाटमध्येही डायनॅमोच असे. हा गृहस्थ लहरी. इंजिन मंद झाले की भरणा बंद. अल्टरनेटर पगारदार, मंद इंजिनावरही थोडेफार टाकतोच. क्रायस्लरने १९६०च्या व्हॅलियंटमध्ये तो आणला. आमच्याकडे अर्थात डायनॅमो.

म्हाताऱ्या मिस्त्रीने मीटर लावला. जेमतेम १२ व्होल्ट. धक्का मारून इंजिन सुरू केले, रेस केले, तरी १२च! हवे होते १४च्या आसपास.

"बॅटरी चांगली हाय साहेब. तिला चार्जिंगच पोचंना."

फॅनबेल्ट सैल होता. तो ताणताच काटा १४कडे सरकला.

वीस वर्षे लोकांचा भरणा तपासतोय. पण नव्या बॅटरीसाठी माझा हात खिशात गेलाच होता.