पायी जाणाऱ्यांची नोंद

रस्तारुंदीचा विषय निघाला की वाहननोंदणीचे आकडे पुढे येतात. पायी जाणाऱ्याची नोंद कुठल्या आरटीओत सापडणार? ती जनगणनेत आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये प्रगणक दारोदार फिरले, तेव्हा त्यांनी विचारलं होतं : कामाला किती लांब जाता, कशाने जाता? शेती आणि घरगुती उद्योग वगळून बाकीच्यांची उत्तरं बी-28 तक्त्यात आहेत, जिल्हानिहाय, फुकट. मी तो काढून बसलो. देशभरात पायी जाणारे सुमारे 4.5 कोटी, मोटार-जीपने जाणारे 54 लाखांच्या आसपास! कुठून कुठे जातात ते मात्र त्यात नाही, शाळेची पोरंही नाहीत. 2021 ची जनगणना लांबली, म्हणून आधार अजून हाच. आराखड्यावर हरकत घेताना आपल्या जिल्ह्याचं पान जोडा.