उंबरा ओलांडला, कळावे

मंडळी, मागच्या रविवारी सुनेचा पुण्याहून फोन आला. नातू आता दोन वर्षांचा आहे. तो कधी पालथा पडला, पहिला दात कोणत्या तारखेला दिसला, पेज आवडते की खिमट, सगळे तिच्या मोबाईलमध्ये फोटोसकट आहे. बोलता बोलता तिने विचारले, "आई, याचा पहिला शब्द कोणता होता हो?" याचा म्हणजे माझ्या मुलाचा. मी म्हटले, "वहीत बघून सांगते." खरे तर वही बघायची काही गरज नव्हती. पण तो विषय डोक्यातून जाईना.

शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवायची. इतिहासाची लिखित साधने, मौखिक साधने हा धडा किती वर्षे घेतला असेल! पण आपल्या सातारा-सांगलीकडच्या पोराबाळांच्या बाळपणाचे साधन कोणते, हे वर्गात कधी विचारले नाही.

लिखित साधन म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात माझ्या पिढीची निम्मी माणसे १ जूनला जन्मलेली आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी पोराकडे बघून, आईबापांना विचारून वयाचा अंदाज बांधायचे आणि मागे मोजून १ जून टाकायचे. (३१ मे रोजी एकदम किती शिक्षक निवृत्त होतात ते बघा, म्हणजे पटेल.) जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, आणि गावोगावी तो रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर तारीख बरोबर आहे, पण जिल्हा 'दक्षिण सातारा'. सातारा जिल्हा तोडून १९४९ साली तो केला, त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. मी तोपर्यंत तिसरीत गेले होते.

माझ्या सासूबाई पाटण तालुक्यातल्या. अक्षराची ओळख नाही. पण त्यांच्याजवळ हिशोब पक्का असायचा. धाकट्या दिरांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून १९६७. सासूबाई म्हणायच्या, "भूकंपाच्या आदल्या दिवशी ह्यो पहिल्यांदा पालथा पडला. म्या घुगऱ्या करायच्या म्हून मटकी भिजत घातली, आन् रात्रीत घर हाललं." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. मूल साधारण चौथ्या महिन्यात पालथे पडते. म्हणजे दिरांचा जन्म ऑगस्टच्या सुमाराचा! गुरुजींच्या शाईपेक्षा भिजवलेली मटकी खरी निघाली. कुठलीही आई असेच मोजते. तिला तारीख आठवणार नाही, पण त्या दिवशी चुलीवर काय होते ते आठवेल.

दुसरे साधन जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत मुलगा राघू असतो, लेक मैना असते. त्यांचे चालणे-बोलणे, हट्ट, आवडीनिवडी सगळे येते. तारीख तेवढी नसते. पिठाची गिरणी आली तशी जाती कोपऱ्यात गेली. सासूबाईंना ओव्या येत होत्या, पण जात्याशिवाय त्या म्हणता येत नाहीत म्हणायच्या. मी उतरून घेतल्या नाहीत. बी.ए.ला मराठी घेतलेली सून घरात असून!

रजिस्टरबद्दल आणखी एक सांगायचे राहते. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती, नाव नकुसा. चौथी मुलगी म्हणून ठेवलेले. मी रोज सकाळी हजेरीत ते नाव मोठ्याने घ्यायची, ती "हजर" म्हणायची. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात अशा २८५ मुलींना कार्यक्रम करून नवी नावे दिली, तेव्हा पेपर हातात धरून बराच वेळ बसले होते. वर्षभर हजेरी घेताना मला काही सुचले नव्हते. असो.

आता माझ्या मुलाकडे येते. तो १९८३ चा. माझी नोकरी तासगाव तालुक्यात, यांची साताऱ्यात. रजा संपली आणि आठ महिन्यांचे पोर सासूबाईंजवळ ठेवून मी हजर झाले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी पकडायची, कराडला बदलायची, दिवेलागणीला सातारा. रविवारी संध्याकाळी परत. मधल्या दिवसांत पोर वाढायचे.

सासूबाईंनी उपाय काढला. शेजारचा पाचवीतला मुलगा धरला आणि त्याच्याकडून मला पोस्टकार्डे लिहवून घेऊ लागल्या. त्याला पुस्तकातला एकच मायना पाठ. त्यामुळे प्रत्येक पत्रात सासूबाईंचा मला साष्टांग नमस्कार! पुढे मजकूर: 'बाळास भाकरीचा पापुद्रा दुधात घालून आवडतो. पितळी पळी हातातून सोडत नाही. काल मांजराला भाऽ म्हणाला.' एका कार्डावर नुसते एवढेच: 'आज उंबरा ओलांडला. कळावे.' ते कार्ड मला तासाच्या मध्ये शिपायाने आणून दिले. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

मीही एक वही केली होती. त्यात एका शनिवारची नोंद आहे: 'आज पहिला शब्द. मला पाहून आई म्हणाला. माझ्या देखत.' खाली दोन रेघा मारल्या आहेत.

सासूबाई २००३ साली गेल्या. दहाव्याला तो शेजारचा मुलगा आला होता, आता चांगला बाप्या झालेला. सहज सांगायला लागला, "काकू, एक कार्ड आजींनी माझ्याकडून फाडून घेतलं होतं. बाळ आई म्हणायला लागला, असं लिहिलं होतं मी."

"कुणाला म्हणाला होता?"

"आजींनाच की. त्या म्हणाल्या, एवढं कळवू नगंस. मग तीन-चार दिवस त्याला तुमचा फोटो दाखवून शिकवत बसल्या होत्या."

बुधवारी सुनेला फोन करून सांगितले, पहिला शब्द 'आई'. "किती गोड!" म्हणाली, आणि लगेच मोबाईलमध्ये लिहून घेतले. बाकीचे फोनवर सांगता आले नाही. इथे मी लिहिलेले ती वाचतेच.